दिवा आणि नोंदवही

परिचारिकांच्या कामाविषयी अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. मोठ्या रुग्णालयांत कागदी केसपेपरची जागा आता संगणक घेऊ लागला आहे. रुग्णाचा ताप, नाडी, रक्तदाब, दिलेले औषध, लावलेले सलाइन या साऱ्यांची नोंद पडद्यावर करावयाची असते. खेड्यातील उपकेंद्रात काम करणाऱ्या आरोग्यसेविकेच्या हातीही टॅबलेट आला आहे. २०२१ साली केंद्र शासनाने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले आणि नागरिकाला चौदा आकडी आरोग्यक्रमांक देण्याची व्यवस्था केली. या साऱ्यामागील हेतू चांगला आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु परिचारिकांचे म्हणणे असे की, पाळीतील मोठा वेळ नोंदी करण्यात जातो आणि रुग्णाजवळ उभे राहावयास उसंत मिळत नाही. कित्येक ठिकाणी तर संगणकात भरलेली माहितीच पुन्हा जुन्या वहीत उतरवावी लागते. ही तक्रार शिक्षकाला किंवा कारकुनाला परकी वाटू नये. हजेरीपट, विवरणपत्रे आणि माहितीचे तक्ते भरता भरता ज्या कामासाठी आपली नेमणूक झाली तेच काम बाजूला राहते, हा अनुभव शाळेत आणि कचेरीत कोणाला आलेला नाही?

तेव्हा प्रश्न असा आहे की, नोंद हा शुश्रूषेचा भाग मानावयाचा की शुश्रूषेवर पडलेला भार? उत्तर शोधताना, जिच्या जन्मदिवशी म्हणजे १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन पाळला जातो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या चरित्राकडे पुन्हा एकदा पाहणे उपयुक्त ठरेल. शालेय पुस्तकांनी आपल्याला त्यांच्या हातातील दिवा तेवढा दाखविला. त्यांच्या दुसऱ्या हातात नोंदवही होती, आणि त्यांच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यातील बहुतेक काम त्या वहीच्या आधारे झाले, ही गोष्ट मात्र सामान्य वाचकापर्यंत फारशी पोचली नाही.

नाइटिंगेलबाईंचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. वडील विद्याव्यासंगी होते. त्यांनी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकविले. गणिताची ओढ मात्र फ्लॉरेन्सची स्वतःची होती, आणि ते शिकण्याची परवानगी मिळविण्यासाठी त्यांना घरच्यांशी बराच झगडा करावा लागला. त्या काळच्या प्रतिष्ठित घरातील मुलीने रुग्णसेवेचा धंदा पत्करणे ही लाजिरवाणी गोष्ट समजली जाई. १८४५ साली त्यांनी जवळच्या रुग्णालयात शिकावयास जाण्याचा मनोदय सांगितला तेव्हा घरात हलकल्लोळ उडाला व बेत मोडला. पुढली काही वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला रिकामी वाटतील. त्या वर्षांत त्या पहाटे, घर जागे होण्यापूर्वी उठून मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे अहवाल वाचीत आणि त्यांतील माहिती वह्यांमागून वह्यांत टिपून ठेवीत. त्यांचा पहिला दिवा हा असा नोंदवहीवर धरलेला होता.

१८५१ साली जर्मनीतील कैझरवर्थ येथील संस्थेत तीन महिने राहून त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्था हाती घेतली. तेथे त्यांनी प्रथम ज्या सुधारणा मागितल्या त्या यंत्रांच्या होत्या. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी यावे, जेवण वर नेण्यासाठी पाळणा असावा, आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजविली ते परिचारिकेला तत्काळ समजावे, अशी योजना त्यांनी आखली. हेतू स्पष्ट होता. परिचारिकेची शक्ती जिने चढण्याउतरण्यात खर्ची पडू नये आणि तिने आपला मजला सोडून जाण्याचे कारणच उरू नये. यंत्राने परिचारिका रुग्णाच्या अधिक जवळ राहिली पाहिजे, ही कसोटी नाइटिंगेलबाईंनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी अशी लावली होती. आजच्या संगणकाचा विचार करतानाही ती विसरून चालणार नाही.

१८५४ च्या शरद ऋतूत क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या इंग्लंडमध्ये पोचल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेलबाईंचे स्नेही होते. त्यांच्या सूचनेवरून ३८ परिचारिकांना बरोबर घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर रोजी स्कुटारी येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या आशियाई काठावर, पोचल्या. तेथील बराकीत उभारलेल्या रुग्णालयाची अवस्था सर्वश्रुत आहे. जमिनीवर ओळीने पडलेले रुग्ण, अंथरुणांचा आणि कपड्यांचा दुष्काळ, इमारतीखालून वाहणारी तुंबलेली गटारे आणि जुलाब, विषमज्वर यांचे थैमान. त्या हिवाळ्यात हे रुग्णालय इंग्रजी सैन्याला रणभूमीहून अधिक घातक ठरले.

या हलाखीइतकाच त्यांना आणखी एका गोष्टीचा धक्का बसला. किती माणसे मेली हे तेथे कोणालाच निश्चित सांगता येत नव्हते. मृत्यूंच्या तीन स्वतंत्र नोंदी तीन ठिकाणी ठेवल्या जात, आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नसे. रोगांची नावे एका रुग्णालयात एक तर दुसऱ्यात भलतीच. म्हणजे लिहिणारे होते, कागद होते, शाई होती आणि तरीही नोंद नव्हती. जो सैनिक कोणत्याच वहीत नीट मेलेला नाही, त्याच्या मृत्यूचे कारण शोधण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही, हे त्यांनी तेथे पाहिले.

१८५५ च्या फेब्रुवारीत उपचाराखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले होते. मार्च महिन्यात लंडनहून आरोग्य आयोग आला. त्याने गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली आणि पाण्याची वाट स्वच्छ केली. जूनपर्यंत ते प्रमाण हजारी २२ इतके खाली आले. मृत्यू घटले ते सारे दिव्याच्या प्रभावाने, अशी समजूत पुढे रूढ झाली. स्वतः नाइटिंगेलबाईंनी मात्र ती कधी जोपासली नाही, आणि येथेच त्यांच्या चरित्राचा खरा कस दिसतो.

युद्धातून परतल्यावर त्या आपल्या कीर्तीपासून दूर राहिल्या. प्रकृती ढासळली होती. १८५७ पासून पुढे कित्येक वर्षे त्यांचा बहुतेक काळ खोलीतच गेला. लष्कराच्या आरोग्याच्या चौकशीसाठी राजकीय आयोग नेमावा म्हणून त्यांनी सरकारवर सतत दडपण आणले आणि तो नेमला गेल्यावर विल्यम फार या जन्ममृत्यूच्या नोंदणी खात्यातील संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने युद्धातील मृत्यूंचे आकडे नव्याने मांडावयास घेतले. युद्ध चालू असताना त्यांच्या पत्रांतील मुख्य भर अन्न, वस्त्र आणि पुरवठ्यातील अनागोंदीवर होता. आता महिन्यामागून महिना आकडे ओळीने उभे राहिले तेव्हा घाण, कोंदट हवा आणि दूषित पाणी यांचा वाटा किती मोठा होता हे त्यांना कळून आले. ज्या भिंतींच्या आत आपण रात्रंदिवस राबलो, त्या भिंतींनीच माणसे मारली, हे मान्य करणे सोपे नव्हते. त्यांनी ते मान्य केले, आणि लपविले नाही. युद्धात मेलेल्या सुमारे २१ हजार इंग्रज सैनिकांपैकी सुमारे १६ हजार रोगांनी मेले होते, शत्रूच्या गोळीने नव्हे. शांततेच्या काळात इंग्लंडमधील बराकीत राहणारे धडधाकट तरुण शिपाईदेखील त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

आकड्यांचे रकाने मंत्री वाचीत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या असलेली वर्तुळाकार आकृती तयार केली. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या, इतर कारणांचे काळ्या. निळ्या रंगाने व्यापलेली जागा पाहून मृत्यू कशाने झाले हे सांगावयास शब्दांची गरज उरली नाही. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

१८५९ साली त्यांनी रुग्णालयांवर आणि शुश्रूषेवर दोन पुस्तके लिहिली आणि १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. या शाळेत विद्यार्थिनींनी रुग्णांची टिपणे आणि स्वतःच्या कामाची रोजनिशी ठेवावी असा दंडक होता. शुश्रूषेच्या पुस्तकात निरीक्षणाला त्यांनी एक संपूर्ण प्रकरण दिले. रुग्णाने किती खाल्ले, झोप कशी लागली, काल आणि आज यांत फरक काय, हे अदमासाने न सांगता पाहून सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मात्र त्याच ठिकाणी त्यांनी एक इशाराही दिला. निरीक्षण हे माहितीचा ढीग रचण्यासाठी नसून प्राण वाचविण्यासाठी आणि रुग्णाला आराम देण्यासाठी आहे. हे भान सुटले की निरीक्षणाला अर्थ राहत नाही.

याच सुमारास त्यांच्या हातून एक अपयशही घडले, आणि आजच्या संदर्भात ते यशाइतकेच बोधप्रद आहे. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात माहिती ठेवावी म्हणजे त्यांची परस्परांशी तुलना करता येईल, या विचाराने त्यांनी तक्ते तयार केले. किती रुग्ण आले, किती बरे झाले, किती मेले, किती दिवस राहिले, वय काय, रोग कोणता. १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्रीय परिषदेने या योजनेला मान्यता दिली आणि लंडनच्या काही रुग्णालयांनी ते तक्ते भरूनही पाहिले. पण तक्ते किचकट होते, भरण्याचे श्रम फार होते, आणि रोगांच्या वर्गीकरणावर वैद्यांचे एकमत होईना. थोड्याच वर्षांत ही योजना मागे पडली. भरणाऱ्याच्या वेळेचा आणि ताकदीचा अंदाज चुकला की उत्तम नमुनाही निरुपयोगी ठरतो, हा धडा दस्तुरखुद्द नाइटिंगेलबाईंनाही चुकला नाही.

दुसरा प्रसंग त्यांच्या सचोटीचा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी प्रसूतिकक्ष सुरू झाला होता. तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या. आपल्या नावाशी जोडलेली संस्था म्हणून त्यांनी आकडे झाकले नाहीत. १८६७ साली कक्ष बंद झाला. मग त्यांनी ठिकठिकाणची माहिती गोळा करण्यास प्रारंभ केला, तेव्हा बाळंतपणातील मृत्यूंची विश्वासार्ह नोंद जवळजवळ कोठेच नाही असे आढळले. मिळाली ती माहिती जुळवून १८७१ साली त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले. घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा प्रसूतिगृहात येणाऱ्या स्त्रिया अधिक संख्येने मरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जी नोंद ठेवणाऱ्याच्या विरुद्ध साक्ष देऊ शकते तीच खरी नोंद.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध आला तो याच मार्गाने. त्या येथे कधीही आल्या नाहीत. १८५९ साली हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासाठी आयोग नेमला गेला तेव्हा त्यांनी प्रश्नावली तयार केली आणि ती देशातील लष्करी ठाण्यांकडे धाडण्यात आली. उत्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांच्या घरी येऊन पडले. १८६३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल दोन हजारांहून अधिक पानांचा होता. येथील इंग्रज सैनिकांत दरसाल हजारी ६९ मृत्यू होत होते. १८६४ साली मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले, आणि पुढे दहा वर्षांनी या कामाचा आढावा घेताना हे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे त्यांना नमूद करता आले. परंतु बराकीची गटारे शेजारच्या वस्तीपासून वेगळी नसतात. सैनिकापासून सुरू झालेला त्यांचा विचार हळूहळू रयतेकडे, दुष्काळाकडे, पाटबंधाऱ्यांकडे आणि खेड्यातील पाण्याकडे वळला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १८८६ साली दादाभाई नवरोजी पार्लमेंटच्या निवडणुकीला प्रथम उभे राहिले तेव्हा त्यांना नाइटिंगेलबाईंचा पाठिंबा होता. लोकांना बरोबर घेतल्यावाचून आरोग्यसुधारणा होणार नाही, या मतावर त्या उत्तरायुष्यात येऊन पोचल्या होत्या.

त्यांची सारीच मते काळाच्या कसोटीस उतरली असे मुळीच नाही. रोगजंतूंचा सिद्धांत त्यांनी फार उशिरापर्यंत मानला नाही. आणि आकड्यांच्या या कैवारी स्त्रीने परिचारिकांच्या शासकीय नोंदणीला कसून विरोध केला, ही तर मोठी विसंगती वाटेल. १८८७ नंतर काही वर्षे हा वाद इंग्लंडमध्ये गाजला. परीक्षा देऊन पटावर नाव चढले म्हणजे ती स्त्री आज, या घटकेला, चांगली परिचारिका आहे असे ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हा वाद शेवटी त्या हरल्या. १९१९ साली तेथे नोंदणीचा कायदा झाला, आणि तो होणे योग्यच होते. तरीही त्यांच्या आक्षेपातील तथ्यांश शिल्लक राहतो. शुश्रूषेत असे काही असते जे कोणत्याही रकान्यात बसत नाही, आणि रकाने भरले म्हणजे तेही झाले असे समजणे घातक आहे.

वृद्धपणी त्यांची दृष्टी गेली, स्मृती मंदावली. १९०६ साली इंडिया ऑफिसला कळविण्यात आले की, हिंदुस्थानच्या आरोग्याविषयीचे कागद यापुढे बाईंकडे पाठवू नयेत. तोवर ते येत राहिले होते. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांना मिळाला; तो मिळविणाऱ्याही त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान कुटुंबाने नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातील त्यांच्या थडग्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखाच काय त्या कोरलेल्या आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. या चरित्राचा आधार घेऊन संगणकाला विरोध करता येणार नाही. जे आकडे जुळविण्यास नाइटिंगेलबाईंना वर्षे लागली ते आज क्षणात जुळतात. २०१२ साली ब्रिटनमध्ये एक सर्वमान्य गुणपद्धती लागू झाली. श्वसन, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप यांवरून रुग्णाची प्रकृती खालावते आहे काय हे त्यातून आधीच कळते. ही बेरीज यंत्राने करावी आणि डॉक्टरला वेळीच सावध करावे, यासारखा नोंदीचा दुसरा सदुपयोग नाही. पण ही बेरीज खरी केव्हा? परिचारिकेने खाटेजवळ उभे राहून छातीच्या हालचाली खरोखर मोजल्या असतील तेव्हा. एकेका परिचारिकेवर प्रमाणाबाहेर रुग्ण सोपवून वर नोंदीची सक्ती केली, तर ती अदमासाने सर्वांच्या नावापुढे एकच आकडा भरील. तिला दोष देता येणार नाही, आणि त्या चकचकीत पडद्यावर स्कुटारीच्याच तीन वह्या पुन्हा अवतरतील.

यास्तव रुग्णालयाने किंवा आरोग्यखात्याने कोणताही नवा नमुना संगणकात घालण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ही नोंद कोण वाचणार आणि किती वेळात? तिच्यामुळे परिचारिका खाटेजवळ अधिक वेळ राहील की कमी? ती सुरू होताच कोणती जुनी वही बंद होणार? आणि हा नमुना ठरविताना परिचारिकेला विचारले होते काय? यांची उत्तरे नसतील तर तो नमुना थांबवावा. शिक्षकांनी आणि कारकुनांनीही आपापल्या तक्त्यांविषयी हेच प्रश्न विचारण्यास हरकत नाही.

१२ मे रोजी रुग्णालयांतून दिवे लावून शपथ घेण्याचा समारंभ होतो. तो जरूर व्हावा. परंतु त्याच दिवशी प्रत्येक कक्षातील परिचारिकांपुढे त्यांनीच वर्षभर भरलेले आकडे मांडावेत: किती रुग्ण बरे झाले, किती दगावले, किती जणांना अंथरुणात पडून जखमा झाल्या आणि त्यांतल्या किती टाळता आल्या असत्या. आपण लिहिलेले कोणीतरी वाचते आणि त्यातून काही बदलते, एवढी खात्री परिचारिकेला पटली, तर नोंदीचा भार तिला आजच्याइतका जड वाटणार नाही.